देवीच्या गालावरची पाकळी

रत्नागिरी,
सोमवार, मे १९८६

तीर्थरूप रावजीमामांस,

धाकूचा साष्टांग नमस्कार. मामींना वेगळा साष्टांग नमस्कार (गेल्या पत्रात दोघांना मिळून एकच घातला, तर त्यातला माझ्या वाट्याला किती आला, असं त्यांनी उलट टपाली विचारलं होतं). तुमच्या गुडघ्याचं कसं काय? इथून पाठवलेलं तेल लावता की मामी ते दिव्यात घालतात? आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. आई बरी आहे, म्हणजे आपल्याला बरं नाही असं ती दिवसातून अनेकदा सांगते आणि घरातलं सगळं काम एकटी करते. ज्या दिवशी ती "मी बरी आहे" म्हणेल त्या दिवशी मी तुम्हाला तार करीन. यंदा काजू बरा आला, निम्मे फणस अजून झाडावरच आहेत, आणि माझा एमआयडीसीतला गाळाही चालू आहे. नळाच्या तोट्या, सायकलची हँडलं, लग्नातली समई, जे येईल त्याला निकेल चढवतो. भांडुपला तुमच्या हाताखाली शिकलो म्हणून आज चार माणसं मला "मेस्त्री" म्हणतात. आजचं पत्र मात्र त्या मेस्त्रीपणाने कुठे नेऊन घातलं ते सांगण्यासाठी आहे.

थोडक्यात सांगायचं तर गावच्या देवीचा कौल अडकला आहे, त्या कौलात तुमची भाची तुळसा अडकली आहे, आणि ही दोन्ही अडकणी माझ्या टाकीतून बाहेर पडली आहेत. तुळसाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली आहे, हे मागे कळवलंच होतं. जूनच्या एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. तुळसा जायला एका पायावर तयार. आई म्हणाली, देवीला विचारते. आणि देवी काही बोलायला तयार नाही. आता सविस्तर लिहितो (मामी, चहा ठेवायला हरकत नाही).

तुमच्या कारखान्यातून तुम्ही दोन पुड्या पाठवल्या होत्यात, एक काळी आणि एक पांढरी. हे सगळं तुम्हीच मला शिकवलंत, तेव्हा तुम्हाला काय सांगायचं. पण गावात इतक्या जणांना समजावलं आहे की आता समजावल्याशिवाय हात थांबत नाही. नुसतं निकेल मऊ, घासलं की जातं. त्याच्या टाकीत चिनीमातीच्या जातीची ही कडक पूड घातली, ढवळून तरंगत ठेवली आणि वीज सोडली, की निकेलचा थर चढता चढता पुडीचे कण त्यात पुरले जातात. आमच्या आईला मी सांगितलं की निकेल म्हणजे गूळ आणि पूड म्हणजे तीळ, वडी खाताना दाताला लागतो तो तीळ. तिला लगेच कळलं. (गुळाचं प्रमाण किती, हेही तिने विचारलं.)

काळ्या पुडीचा पहिला प्रयोग मजीदच्या ट्रॉलरवर केला. तुम्ही त्याला ओळखता, मागे तुमच्यासाठी सुकी सुरमई पाठवली होती तो. त्याच्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा दांडा दर हंगामाला खाल्ला जायचा. समुद्राचं पाणी, त्यात बारीक वाळू, आणि वर घट्ट आवळलेली दोरीची पॅकिंग. दांड्यावर अशा चऱ्या पडत की नख अडकावं. मी त्यावर काळ्या पुडीचं निकेल चढवलं. हंगाम संपल्यावर दांडा काढला तर जसाच्या तसा. मजीद तो दांडा फडक्यात गुंडाळून मिरकरवाड्याच्या धक्क्यावर घरोघर दाखवत हिंडला. लोक नवरी बघतात तसे दांडा बघायला येत होते. मला बरं वाटलं हे कशाला लपवू? चार दिवस मी गाळ्यात जातानासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालत होतो.

ती बातमी आमच्या गावातल्या मानकऱ्यांच्या कानावर गेली. देवीचा मुखवटा तुम्ही पाहिला आहेच, पितळेचा, वर जुन्या काळचं चांदीचं पाणी. दर शिमग्याला पालखीत बसवण्याआधी तो चिंच आणि राखेने घासायचा मान गुरवांचा. आता पिढ्यान्‌पिढ्या गुरवांनी इतक्या मनापासून घासलं आहे की देवीच्या भुवया गेल्या, नाक बसत चाललं, आणि नथीचं भोक नाकाच्या मानाने मोठं दिसू लागलं. केरू मानकरी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "त्या मजीदच्या दांड्याला तू झिजू नाय देत. आमची देवी काय दांड्यापरीस कमी हाय?" याला काय उत्तर द्यायचं तुम्हीच सांगा. मी म्हटलं, देवीला विचारा. त्यांनी रीतसर कौल लावला. शिवा गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मुखवट्याच्या दोन्ही गालांना ओल्या तगरीच्या पाकळ्या लावल्या, आणि गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी खाली. उजवी म्हणजे होकार. देवीने असा खणखणीत होकार बऱ्याच दिवसांत दिला नव्हता, असं सगळे म्हणाले. मामा, तो तिचा आजवरचा शेवटचा कौल.

(आमच्याकडे कौल पाषाणाला न लावता मुखवट्याला का लावतात, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. कोणाला माहीत नाही. बहुतेक तसाच कौल पडला असेल.)

मुखवटा वाजतगाजत गाळ्यात आला. एमआयडीसीत ढोल-ताशा पहिल्यांदाच वाजला असावा. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातले लोक काम टाकून नमस्कार करायला आले. पहिली अडचण चपलांची. देवी आत आहे म्हटल्यावर सगळे चपला बाहेर काढून आत येऊ लागले, आणि माझ्या फरशीवर काय काय सांडलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मी पोती अंथरली. दुसरी अडचण अशी, की निकेल चढवण्याआधी माल कॉस्टिकमध्ये धुवायचा आणि मग तेजाबात बुचकळायचा. गावची देवी तेजाबात घालतो असं मानकऱ्यांसमोर कोणत्या तोंडाने म्हणणार? मी म्हटलं, आधी अभ्यंगस्नान. त्यावर शिवा नारळाचं पाणी, हळद आणि दूध घेऊन पुढे आला. नारळपाणी निकेलच्या टाकीत पडलं असतं तर टाकी कायमची गेली असती. मी ते सगळं धुण्याच्या टाकीत घालून घेतलं आणि तीच खरी पवित्र टाकी असं जाहीर केलं. इथवर माझी अक्कल चालली.

खरा घोळ पुढे झाला. कोणताही माल आपण तांब्याच्या हुकाला टांगतो, उभा. मी हुक काढला तर केरू उभा राहिला. देवीच्या गळ्यात तार अडकवून टांगायची? ते जमणार नाही. मग उलटी टांगू म्हटलं, तर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. पालथी घालू? देवी पालथी म्हणजे गाव पालथा. शेवटी तोड निघाली, की तांब्याच्या पट्ट्यांचा पाळणा करायचा, त्यात मुखवटा उताणा ठेवायचा, तोंड आकाशाकडे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पांढऱ्या पुडीने भरलेल्या टाकीत वर तोंड करून जे काही पडलं असेल त्यावर पूड बसणारच. नदीत पडलेल्या दगडावर गाळ बसतो तसा. पण खालून हवेचा पंप जोरात सोडला होता, बुडबुडे येत होते, पूड तरंगत होती. म्हटलं निभेल. निभलंही असतं. पण थर चढत असताना गाऱ्हाणं घालायचं ठरलं, आणि माझा पंप किती ठणठणतो ते तुम्हाला आठवत असेल. देवीला शब्द ऐकू जायला हवेत, म्हणून शिवाने पंप बंद करायला सांगितला. मी केला. वीज चालूच होती. शिवाचं गाऱ्हाणं लांबतं, कारण त्यात गावच्या सगळ्या वाड्या येतात, मुंबईला असलेले चाकरमानी येतात, आखातात गेलेले येतात, ढोरं-गुरं येतात. (तुमचंही नाव घेतलं त्याने. तुमच्या गुडघ्याचंसुद्धा.) तेवढ्या वेळात सगळी पांढरी पूड निवांतपणे खाली उतरली आणि देवीच्या गालांवर, कपाळावर, उरल्यासुरल्या नाकावर बसली, आणि निकेलने तिला तिथेच कायमचं पुरून टाकलं.

मुखवटा बाहेर काढला तर राखाडी, आणि हाताला मांजराच्या जिभेसारखा लागणारा. मानकरी खूश, कारण चकाकी नसली तरी भरीवपणा दिसत होता. शिमग्यात पालखी नाचली, बायकांनी ओट्या भरल्या, देवी यंदा जरा सावळी झाली म्हणाल्या, उन्हातून फिरली असेल म्हणाल्या. चेहऱ्यावर हळद-कुंकू असं काही धरून राहिलं की धुतलं तरी जाईना, आणि त्याचंसुद्धा कौतुक झालं. मला वाटलं, सुटलो.

मग शिमगा उतरल्यावर नेहमीप्रमाणे कौलाला बसले. पहिला प्रश्न केरूचा, भावाबरोबरच्या बांधाचा. शिवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे बघत बसले. पाकळी पडेना. पूर्वी ते घासून घासून गुळगुळीत झालेले गाल, पाकळी टेकते न टेकते तोच घसरायची. आता पुडीच्या एकेका कणाने पाकळी पकडून ठेवलेली. शिवाने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. मग सोनूबाईने म्हैस विकावी की ठेवावी हा प्रश्न पुढे घेतला, केरूच्या बांधावर देवी रागावली असेल म्हणून. म्हशीवरही पाकळी पडली नाही. तगर झाली, मग अबोली, मग जास्वंद फाडून लावली. जास्वंद तर अशी चिकटली की काढायला शिवाला नख लावावं लागलं. पाकळ्या सकाळी वाळून आपोआप गळतात, पण वाळलेली पाकळी धरत नाहीत, नाहीतर देवी नाही, वारा बोलला असं होईल. बाबू मास्तरांनी टेबलफॅन लावायचा उपाय सुचवला. फॅन आणला, बटणही दाबलं. मग पंखा डाव्या बाजूला ठेवायचा की उजव्या, यावर वाद झाला, आणि हे देवीलाच विचारू असं कोणीतरी म्हणेपर्यंत आपण कुठे अडकलो आहोत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पंखा परत गेला.

शिवाचं मला फार वाईट वाटतं, मामा. एका मानकऱ्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की बोटाने जरा ढकललीस तर कोणाला कळणार आहे. शिवा म्हणाला, "बोटानं पाडली तर ती माझी पाकळी व्हईल, तिची नाय." आणि डोळे पुसत देवळाच्या मागे गेला. त्याच्या घराण्यात आजवर कोणावर असा प्रसंग आला नाही. त्याची बायको मथुरा मला वाटेत भेटली, तर तिने विचारलं, की आमच्या हातून काही चुकलं असेल का. मी त्या दिवशी जेवलो नाही.

मग मी देवळात उभा राहून सगळं सांगून टाकलं. पूड काय असते, पाळणा का चुकला, पंप का बंद करायला नको होता, सगळं. गूळ आणि तीळसुद्धा सांगितले. म्हटलं देवी रुसलेली नाही, देवीच्या अंगावर खरखरीत थर आहे आणि तो मी चढवला आहे. मला वाटलं होतं लोक अंगावर येतील. कोणी आलं नाही. केरू शांतपणे म्हणाला, "आरं, पन तिनं उजवा दिला व्हता ना? तिला ठाव नसंल काय तुझी पूड?" झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सोनूबाईने मला लाडू दिला. लोक चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

आता तुळसाचं. आईने तिचा प्रश्न लावला तेव्हा मी देवळात होतो. आई उंबऱ्याशी बसली होती, पदर डोक्यावर, ओठ हलत होते. तुळसा खांबाला टेकून पाकळीकडे अशी बघत होती की नुसत्या नजरेने ती पडावी. पडली नाही. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता रोज परडीत तगर घेऊन जाते आणि तशीच परत येते. तुळसा दुपारी ट्रंकेत कपडे घडी घालून ठेवते आणि संध्याकाळी बाहेर काढून पुन्हा दोरीवर टाकते. ती दोरी मला बघवत नाही.

मी आईला म्हटलं, तू तिला पाठवून दे, यात देवीचा संबंध नाही, माझ्या टाकीचा आहे. ती रागावली नाही. म्हणाली, "तुझा बापूस गेला तवापासनं मी दुसऱ्या कोनाला इचारू? तुमची शाळा, तुझं भांडुपला जानं, गाळा, सगळं तिला इचारूनच केलं. एवढ्या लांब पोर पाठवायची आनि इचारायचं नाय?" बाबा गेले तेव्हा मी लहान होतो. तिला प्रत्येक वेळी कोणीतरी हो किंवा नको म्हणणारं हवं होतं, आणि ते माणूस घरात नव्हतं. ती पाकळी तिची सोबत होती. ती मी चिकटवून टाकली.

थर काढून टाकावा म्हणाल, तर त्याच टाकीत नमुन्यासाठी एक वाटी उताणी ठेवली होती, तिच्यावर सगळे उपाय करून पाहिले. पॉलिशचं बफचं चाक लावलं, तर वाटीने चाक खाल्लं. एमरी पेपर घासला, तर कागदाची खर गेली आणि वाटी तशीच. आपण गिऱ्हाइकाला "झिजणार नाही" म्हणून सांगतो त्यातलं इतकं खरं कधी निघालं नव्हतं. तेजाबाने थर उतरवता येईल, पण देवीच्या मुखवट्याला हत्यार किंवा तेजाब लावायचं तर आधी कौल हवा. आणि कौल पडत नाही कारण थर आहे. आणि थर काढता येत नाही कारण कौल नाही. शेजारच्या गावच्या देवाला विचारावं असं एकाने सुचवलं, तर त्याला गावाने वाळीत टाकायचं तेवढं बाकी ठेवलं.

यातून मला एकच वाट दिसते. मुखवटा चिंच-राखेने घासायला कौल लागत नाही, तो गुरवांचा वहिवाटीचा मान आहे. राखेत काय मिसळलं आहे, हे कोणी विचारत नाही. तुमच्या कारखान्यात हिऱ्याच्या भुकटीची जी पेस्ट साच्यांना लावतात, ती थोडीशी मिळाली तर शिवा राखेत कालवून घासेल. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, घासणं ते घासणं, हिरा देवीला काही जड नाही. गाल तेवढे गुळगुळीत झाले की पुरे, बाकी देवी सावळीच राहू दे. तेव्हा कृपा करून मिळेल त्या बसने, मिळेल त्या माणसाबरोबर पेस्ट पाठवा. जून तोंडावर आला, मामा. मला देवीकडून "हो" नको, "नको"ही नको, फक्त आईसमोर एक पाकळी पडायला हवी. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे तुळसा ज्या नजरेने बघते ते पाहून मला निकेलचा वास नकोसा झाला आहे.

मामींना सांगा, वैशाखातल्या उन्हात वाळवलेली फणसपोळी पाठवतो. लहानांना आशीर्वाद. चूकभूल पदरात घ्या.

आपला,
धाकू

ता. क. (शुक्रवार) हे पत्र लिहून ठेवलं आणि टपालात टाकायचं राहून गेलं, ते बरंच झालं. पेस्ट पाठवू नका. केरू आणि त्याचा भाऊ शिमग्यापासून कौलाची वाट बघत बसले होते. शेवटी कंटाळून दोघे बांधावर उभे राहिले, भांडले, मग जेवायला बसले, आणि बांध सरळ घातला. सोनूबाईने म्हैस विकली नाही, तिला ती विकायची नव्हतीच. आता मानकरी म्हणतात, देवी पुन्हा बोलायची तेव्हा बोलेल, दरवर्षीच्या चिंच-राखेने जेवढी खर जायची तेवढी जाऊ दे, हिरे नकोत. शिवाही जरा हसू लागला आहे. म्हणजे वर मी जेवढं काही मागितलं आहे ते सगळं रद्द समजा.

ता. क. दुसरा. आई काल देवळातून परडी घेऊन आली ती चुलीपाशी न जाता ओटीवर बसली. मला म्हणाली, "तुझी पूड असंल. मी नाय म्हनत नाय. पन मी समद्या गोष्टी तिच्यावर टाकल्या, आनि ती आजवर माझ्यासाठी बोलली. आता ती पाकळी धरून बसलीया, सोडत नाय. म्हनत असंल, आनंदी, तुझी पोर हाय, तुझं तू बघ." मग पदराने तोंड पुसलं, आणि तुळसाला हाक मारून म्हणाली, दोरीवरचे कपडे काढ, आणि ट्रंकेतून परत काढू नको. मामा, बाबा गेल्यापासून आईने कोणाला न विचारता ठरवलेली ही पहिली गोष्ट. मी तिला पाणी दिलं तर ते पिऊन म्हणाली, मी बरी आहे. तुम्हाला तार करायची पाळी आलीच होती.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हे. इस्पितळाला मुंबईतला पालक लागतो, कागदावर सही करणारा, आणि वसतिगृहाची खोली जूनच्या मध्यापर्यंत रिकामी होत नाही. तुमच्या खोलीत आधीच किती माणसं आहेत ते मला माहीत आहे, मीही त्यात झोपलो आहे. तरीही मागतो. आईने तुम्हाला स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, तिच्या वतीने मीच मागतो. रविवारी तुळसाला घरचं माशाचं जेवण मिळू दे, आणि आली की "जेवलीस का?" असं कोणीतरी विचारू दे, एवढंच आईचं म्हणणं.

आणि हे पत्र टपालाने येत नाही. मजीदचा भाऊ अयूब आखातात निघाला आहे, त्याला पोचवायला मजीदची आई रझियाचाची मुंबईला येते आहे, तिच्या सोबतीने तुळसा निघाली. चाची तिला तुमच्या चाळीत सोडून पुढे जाईल. पत्र तुळसाच्याच हातात दिलं आहे. तिला बजावून सांगितलं आहे, की मामांचं वाचून होईपर्यंत काही बोलायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, त्यांना अडचण असेल तर त्यांना तुझ्या तोंडावर नाही म्हणावं लागू नये. ती सांगितलेलं ऐकणारी मुलगी आहे. पत्र इतकं लांबेल हे मला ठाऊक असतं तर हे वाक्य सगळ्यांत वर लिहिलं असतं. मामा, ती ट्रंक घेऊन अजून दारात उभी आहे. उठा.